केळीचं खोड, पॉलिस्टर आणि पाणी : प्रकल्प नोंदी, २०२४-२५

८ जुलै २०२४

यंदाच्या कॅपस्टोन प्रकल्पासाठी माझ्या वाट्याला तिघं आलेत. निखिल, साक्षी आणि मोईन, मेकॅनिकल, तिसरं वर्ष. त्यांनीही दरवर्षीचेच विषय आणले होते: सोलरवरचा फवारणी पंप, बाटल्या चिरडायचं यंत्र, सायकलवर चालणारी पिठाची गिरणी. तिन्ही यंत्रं आमच्या भांडारात आधीच गंजत पडली आहेत, त्यांना नेऊन दाखवली.

निखिल रावेरकडचा. घरी केळी. म्हणाला, "मॅडम, घड कापला की उरलेलं खोड आमच्याकडे डोकेदुखीच असतं." केळीच्या खोडात धागा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, फुलवाले सोपटाच्या (खोडावरच्या सालीच्या थराच्या) दोऱ्यावर हार ओवतात. तो धागा फायबरग्लासमधल्या काचेच्या धाग्याच्या जागी रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) घालून प्लेट करायची, ती मोडून बघायची, आणि जमलं तर त्यातून उपयोगाची एखादी वस्तू काढायची, असं ठरलं.

ही वही मी लिहिणार. मुलांच्या वह्या शेवटच्या आठवड्यात एकदम भरतात, हा अनुभव आहे.

१४ जुलै, रविवार

निखिलच्या आजोबांच्या बागेत गेलो. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं. मृगबागेची, म्हणजे मृगात लावलेल्या केळीची, कापणी चालू होती. पिलबाग (बुंध्याशी फुटलेल्या पिलांवरचं पुढचं पीक) धरायची नसेल तर खोडं तोडून बांधावर टाकायची किंवा तुकडे करून वाफ्यातच कुजवायची. दोन्हीला मजुरी लागते.

एक खोड तोडून काट्यावर घातलं: २६ किलो. सोपटं सुटी करून लाकडी फळीवर बोथट सुरीनं खरवडत बसलो. तीन तासांत सहा सोपटं झाली. गर निघून जातो आणि हातात पांढरा, ओला, रेशमासारखा झुपका राहतो. बाहेरच्या सोपटांचा धागा जाड आणि तांबूस, आतल्यांचा बारीक आणि कमजोर. गाभ्यात जवळजवळ काहीच नाही.

साक्षीचा पांढरा कुर्ता कामातून गेला. केळीचा चीक लागला तेव्हा दिसला नाही, संध्याकाळपर्यंत तपकिरी डाग उमटले. आप्पा हसले. "ताई, केळीवाल्याकडे पांढरं घालून येऊ नये. आमचे कापणीचे कपडे बघा."

२६ जुलै

हातानं खरवडून प्रकल्प व्हायचा नाही. शेजारच्या तालुक्यात धागा काढायचं यंत्र आहे. फिरत्या ड्रमवर बोथट पाती, समोरून सोपट आत सरकवायचं, ओढून घ्यायचं, उलट टोक पुन्हा सरकवायचं. आमचं २६ किलोचं खोड पूर्ण काढल्यावर वाळलेला धागा भरला २१० ग्रॅम, म्हणजे शेकडा ०.८. बाकी सगळं पाणी आणि चोथा. तिथूनच तीन किलो धागा विकत घेतला आणि गोणीत भरून वर्कशॉपच्या कोपऱ्यात ठेवला.

(ही गोणी आणि तो कोपरा, दोन्ही पुढे महत्त्वाचे ठरले. तेव्हा मला काहीच खटकलं नाही.)

३० जुलै

आज वर्गात एक गंमत केली. एकच धागा निवडला, मायक्रोमीटरनं जाडी घेतली: ०.१५ मिमी. धागा अगदी गोल नसतो, पण गोल धरून क्षेत्रफळ काढलं तर ०.०१७७ चौरस मिमी येतं. दोन्ही टोकं पुठ्ठ्यावर चिकटवली आणि खाली अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली टांगली. तुटला नाही. हिशेब फळ्यावर मांडला: ४.९ न्यूटन भागिले ०.०१७७, म्हणजे २७७ मेगापास्कल. साधं बांधकामाचं पोलाद २५० ला यील्ड होतं, म्हणजे कायमचं ताणलं जातं. मोईन जागेवरून उठून धागा बघायला आला.

काच अर्थात याच्या कितीतरी पुढे. पण काचेची घनता २.५५ च्या आसपास आणि केळीच्या धाग्याची सुमारे १.३५. वजनाला वजन लावलं तर अंतर बरंच कमी होतं. शिवाय केळीच्या धाग्यात सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू धाग्याच्या अक्षाशी १०-१२ अंशांतच कललेले असतात, म्हणून तो ताठ. नारळाच्या काथ्यात हा कोन ४० च्या घरात जातो, म्हणून काथ्या ताणला की लांबतो.

६ ऑगस्ट

एमआयडीसीत एका फायबरवाल्याकडे दिवसभर बसलो. इकडे 'फायबर' म्हटलं की लोकांना फक्त काचेचंच ठाऊक: फायबरचा दरवाजा, फायबरची टाकी, कूलरची बॉडी. आम्ही केळीचा धागा दाखवला तर तिथल्या मिस्त्रींनी तो नाकाला लावून बघितला.

शिकलो ते असं. माल साच्याला चिकटू नये म्हणून आधी वॅक्स, मग पीव्हीएचा पातळ हात. जीपी रेझिनमध्ये (साध्या कामाच्या पॉलिस्टर रेझिनमध्ये) आधी घट्ट होण्याला वेग देणारं कोबाल्ट घालून नीट ढवळायचं, घट्ट करणारा हार्डनर अगदी शेवटी. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, पेट घेतात किंवा स्फोट होतो. मिस्त्रींनी हे तीनदा सांगितलं, आणि दोन्ही बाटल्या दोन वेगळ्या कपाटांत ठेवलेल्या दाखवल्या. आमच्याकडे परतल्याबरोबर आम्हीही तेच केलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली: पावसाळ्यात काचेची मॅटसुद्धा (काचेच्या धाग्यांची चटई) ते पंख्याखाली पसरून मग वापरतात. मी ते ऐकलं आणि वहीत लिहिलं नाही. आज ही ओळ नंतर, २४ ऑक्टोबरला, समासात भरते आहे.

१३ ऑगस्ट

पहिली प्लेट. साचा २५० × २५० × ४ मिमी, म्हणजे बरोबर २५० घन सेंमी. वजनानं २० टक्के धागा ठरवला. घट्ट झालेल्या रेझिनची घनता १.२ धरली तर मिश्रणाची १.२२७ येते आणि प्लेट ३०७ ग्रॅमची होते: धागा ६१, रेझिन सुमारे २४५. आकारमानानं धागा १८ टक्के. गंमत म्हणजे काचेच्या नेहमीच्या कामात वजनानं ३० टक्के मॅट असते, तिचं आकारमान काढलं तर १७ च्या आसपासच येतं. तेव्हा तुलना अगदीच बेढब नाही.

कागदावर ६१ ग्रॅम छोटे वाटतात. ३० मिमीचे तुकडे करून ताटात ओतले तर छोट्या उशीएवढा ढीग झाला. २४५ ग्रॅम रेझिन त्यावर ओतलं आणि ते त्यात नाहीसंच झालं. रोलर फिरवला की धाग्याचे गोळे रोलरला चिकटून उठायचे. मिस्त्रींच्या हाताखाली मॅट कशी शहाण्यासारखी बसली होती!

१४ ऑगस्ट

प्लेट निघाली, म्हणजे साच्यातून सुटली. वरचा पृष्ठभाग कोरड्या गवतासारखा. उजेडात धरली तर पांढरे ठिपके: हवा. कडा कापून २४० × २४० चा तुकडा तोलला. सरासरी जाडी ४.१ मिमी, वजन २६८ ग्रॅम, घनता १.१३५. हवी होती १.२२७. म्हणजे साडेसात टक्के नुसती पोकळी.

उरलेलं रेझिन मोईननं प्लास्टिकच्या मगमध्ये तसंच ठेवलं. पातळ थरात गरम होऊन निवणारं रेझिन मगमध्ये एकगठ्ठा असलं की उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. दहा मिनिटांत धूर, मगचं बूड विरघळलं, खाली टेबलावर कायमचा डाग. कुणाला लागलं नाही. यापुढे उरलेला माल ट्रेमध्ये पसरायचा.

२४ ऑगस्ट

ऑटोमोबाइल विभागाकडून बेअरिंग काढायचा हायड्रॉलिक प्रेस मागून घेतला. दोन जाड पोलादी पाट्या, चार कोपऱ्यांत ४ मिमीचे ठोकळे, मध्ये माल. रेझिन जेल व्हायच्या, म्हणजे थिजायच्या, आधी दाबायचं, फार लवकर दाबलं तर रेझिन सगळं कडेनं पळतं. चौथ्या प्लेटला वेळ जमली. पोकळी तीन टक्क्यांच्या खाली आली. पाच प्लेटा झाल्या, शिवाय एक नुसत्या रेझिनची.

३० ऑगस्ट

मोडायच्या कशा? आमचं यूटीएम (नमुना ओढून तोडायचं यंत्र) ४०० किलोन्यूटनचं, सळ्या ओढायला घेतलेलं. आमच्या नमुन्याचं छेदक्षेत्र १३ × ४, म्हणजे ५२ चौरस मिमी. ३४ मेगापास्कलला तुटला तर १,७६८ न्यूटन. यंत्राच्या क्षमतेच्या अर्धा टक्काही नाही. काटा हलला की थरथरला तेच कळणार नाही. बाहेरची प्रयोगशाळा नमुन्यागणिक पैसे घेते. एकदाच परवडेल.

मग साक्षीला बादली सुचली. तीन बिंदूंवर वाकवायची चाचणी: दोन गोल सळ्यांवर पट्टी ठेवायची, दोन टेकूंमधलं अंतर ६४ मिमी, म्हणजे जाडीच्या सोळा पट. मध्यावर आकडा, आकड्याला बादली, बादलीत नळीनं संथ पाणी. पट्टी मोडली की नळ बंद, बादली काट्यावर. १३ रुंद आणि ४ जाड पट्टीला दर किलोमागे ४.५३ मेगापास्कल ताण येतो. पट्टी ४.२ जाड असून ४ धरली तर उत्तर दहा टक्क्यांनी फुगतं, म्हणून प्रत्येक पट्टीची जाडी तीन ठिकाणी मोजायची. पहिल्या सात पट्ट्यांना हे केलं नव्हतं. त्यांचे आकडे खोडले.

५ सप्टेंबर

मुलांनी पेन दिलं, फुलं दिली. आणि आकडे दिले.

नुसतं रेझिन: सरासरी १४.२ किलो, ६४ मेगापास्कल.
केळीचा धागा घातलेलं: ११.१ किलो, ५० मेगापास्कल.

धागा घातला आणि प्लेट अशक्त झाली. एकटा धागा बाटली उचलतो आणि असे हजारो घातले तर रेझिनचंही बळ जातं, हे मोईनला पटेना. मोडलेली कड भिंगाखाली धरली. कडेतून धागे बाहेर आलेले, पाच-सहा मिमी लांब, स्वच्छ, गुळगुळीत. समोरच्या अर्ध्या भागात त्यांची भोकं. एकही धागा तुटलेला नव्हता. म्यानातून तलवार निघावी तसे सगळे उपसले गेले होते. म्हणजे धागा आणि रेझिन यांनी एकमेकांना धरलेलंच नाही. भार धाग्यापर्यंत पोचलाच नाही, आणि धाग्यानं व्यापलेली जागा रेझिनच्या दृष्टीनं भोकासारखीच.

घरी जाताना गणपतीच्या कारखान्यावरून गेले. परवा चतुर्थी. पीओपीत काथ्या घालून साच्याला हात मारत होते. तिथे काथ्याकडून फारशी अपेक्षा नसते: तडा गेला तरी सोंड खाली पडू नये एवढंच. ते काम उपसला जाणारा धागाही करतो. आमची अपेक्षा जास्त आहे.

२० सप्टेंबर

पुस्तकी उपाय: कॉस्टिक सोडा. धाग्यावर मेण, पेक्टिन, हेमिसेल्युलोज आणि लिग्निनचं लेपण असतं, ते अल्कलीनं निघतं, पृष्ठभाग खडबडीत होतो, रेझिनला पकडायला जागा मिळते. कापसाला हीच प्रक्रिया जॉन मर्सर या इंग्रजानं केली, १८५० चं पेटंट. मर्सराइज्ड कापड त्याच्याच नावाचं.

५ टक्के द्रावण, चार तास, धाग्याच्या वीसपट. हातमोजे, चष्मा. पाणी चहासारखं, मग काळ्या चहासारखं झालं. मग धुणं. पीएच कागद सातवर यायला २५० ग्रॅम धाग्याला पंधरा लिटरच्या सात बादल्या लागल्या. किलोमागे चारशे लिटरच्या वर पाणी. शिवाय ते काळं पाणी गटारात सोडता येत नाही, ॲसिडनं मारून मग सोडलं. पर्यावरणाला पूरक म्हणून विषय निवडला होता, याची शिपाईमामांनी आठवण करून दिली नाही, पण बघत होते.

धुतलेला धागा ओव्हनमध्ये ८० अंशांवर रात्रभर. ओला धागा वापरणार तरी कसा?

३ ऑक्टोबर

प्रक्रिया केलेल्या धाग्याची प्लेट: १६.४ किलो, ७४ मेगापास्कल. ५० वरून ७४, म्हणजे ४८ टक्के वाढ. मोडलेल्या कडेवर धागे बुटके, दाढीच्या खुंटासारखे. उपसले गेलेले नाहीत, तुटलेले आहेत. विभागाच्या आढावा बैठकीत मी ४८ चा आकडा मोठ्यानं सांगितला. टाळ्या वाजल्या. निखिलनं तो आकडा पोस्टरवर लाल रंगात घेतला.

२१ ऑक्टोबर

आज जे झालं ते सविस्तर लिहून ठेवते.

गोणीतला उरलेला धागा, प्रक्रिया न केलेला, साक्षीनं पंधरा दिवसांपूर्वी गच्चीवर पसरला होता. कारण साधं होतं: गोणीला कुबट वास येत होता. वर ऑक्टोबरचं ऊन. नवीन मुलांना दाखवायला म्हणून त्याच धाग्याची एक प्लेट करून सहज बादली लावली. पहिली पट्टी १५.९ किलो. मला वाटलं चुकून प्रक्रियेच्या डब्यातला धागा घेतला. रंग बघितला: तांबूस, म्हणजे कच्चाच. दुसरी १५.१. तिसरी १६.३.

कॉस्टिकचा एक थेंबही न लागलेला धागा.

२४ ऑक्टोबर

गोणीच्या तळाशी मूठभर धागा अजून होता. ५० ग्रॅम घेतला, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवला. ४४.३ ग्रॅम उरला. शेकडा ११.४ पाणी. हे पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. ऑगस्टात त्या कोपऱ्यात किती असेल देव जाणे.

हाताला कोरडा, डोळ्यांना कोरडा. पण ६१ ग्रॅम धागा म्हणून आम्ही जे घातलं त्यात किमान ७ ग्रॅम पाणी होतं. पहिलं म्हणजे धागाच ५४ ग्रॅम गेला. दुसरं, पॉलिस्टर घट्ट होण्याची क्रिया पाण्यानं मंदावते, आणि ती नेमकी धाग्याच्या अंगालगत मंदावली. तिसरं, रेझिन तापतं तेव्हा काही पाण्याची वाफ होते. ७ ग्रॅम पाण्याची पूर्ण वाफ झाली तर १२ लिटरच्या आसपास, आणि आमची प्लेट पाव लिटरची. त्यातला छोटासा भागही पुरे. चौथं, ओला धागा फुगलेला असतो. प्लेट घट्ट झाल्यावर तो सुकून आकसला की भोवती फट राहते. मग तो म्यानातून निघाल्यासारखा निघाला यात नवल काय?

आम्ही कॉस्टिक विरुद्ध कच्चा अशी तुलना करत नव्हतो. ओव्हनमधून आलेला धागा विरुद्ध गोणीतून आलेला, अशी ती तुलना होती. ४८ टक्क्यांतलं कॉस्टिकचं किती आणि नुसत्या वाळवण्याचं किती, हे मला माहीत नाही आणि मी ते बैठकीत सांगून बसले आहे.

पोस्टर उतरवलं. निखिल हिरमुसला. "मॅडम, पण आकडा तर खरा आहे ना?" आकडा खरा आहे. त्याखालचं वाक्य खोटं आहे.

२६ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी, मग निवडणुकीचं प्रशिक्षण, मग २० तारखेचं मतदान केंद्र. महिना गेला. आज पुन्हा सुरुवात.

आता चार गट: कच्चा-दमट, कच्चा-वाळवलेला, कॉस्टिक-दमट, कॉस्टिक-वाळवलेला. नोव्हेंबरची हवा कोरडी, तेव्हा दमट गटासाठी पावसाळा तयार केला: झाकणाच्या ड्रममध्ये खाली पाण्याचं ताट, वर जाळीवर धागा, तीन दिवस. वजन करून पाणी ११ टक्क्यांच्या आसपास आणलं. आणि धाग्याचं वजन आता कोरड्या हिशेबानं घ्यायचं, नाहीतर दमट गटात पुन्हा धागाच कमी पडायचा.

वाळवलेल्या धाग्याचीही अडचण कळली. ओव्हनमधून काढून तासभर टेबलावर ठेवला तर हवेतून दोन टक्के पाणी परत पितो. मोईननं घरून स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा आणला. ओव्हन ते डबा, डबा ते साचा, मध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही.

१४ डिसेंबर

प्रत्येक गटाच्या दोन प्लेटा, प्रत्येकीच्या पाच पट्ट्या. कुठली पट्टी कुठल्या गटाची हे बादली लावणाऱ्याला सांगितलं नाही. मागे फक्त नंबर.

कच्चा-दमट ५१. कॉस्टिक-दमट ५८. कच्चा-वाळवलेला ७१. कॉस्टिक-वाळवलेला ७४. एकाच गटातल्या पट्ट्यांमध्ये साधारण चार मेगापास्कलचा फरक.

म्हणजे नुसत्या वाळवण्यानं वीस मिळतात. वाळवलेल्यावर कॉस्टिकनं आणखी तीन, तेही त्या फरकात बुडालेले. दमट धाग्याला कॉस्टिकनं थोडं वाचवलं, सात दिले, हे नोंदवण्यासारखं आहे. पण किलोमागे चारशे लिटर पाणी आणि ते काळं द्रावण, त्या तिनासाठी? या रेझिनला, या लांबीच्या धाग्याला, आमच्या हातानं: नको. दुसऱ्या रेझिनबद्दल मी बोलणार नाही. आपण तपासलंय तेवढंच आपलं.

एक सवय मात्र लागली. या विषयावरचा कुठलाही शोधनिबंध हाती आला की मी निष्कर्ष सोडून आधी प्रक्रिया न केलेला धागा किती तास वाळवला ते शोधते. कधी सापडतं.

१८ जानेवारी २०२५

प्लेट किती पाणी पिते याची चाचणी. ७६ × २५ मिमीचे तुकडे, ५० अंशांवर चोवीस तास वाळवून, मग चोवीस तास पाण्यात. नुसतं रेझिन ०.३ टक्के. आमची प्लेट ३.१. कापलेल्या चारही कडांना रेझिनचा हात दिलेली तीच प्लेट १.१.

पृष्ठभागावर रेझिनचा थर असतो. कापलेल्या कडेला मात्र धाग्यांची तोंडं उघडी, आणि केळीचा धागा म्हणजे आतून पोकळ नळ्यांची जुडी. खोडात असताना पाणी खेळवणं हेच त्या सोपटांचं काम होतं. एक तुकडा आठवडाभर ठेवला तर कडेला जाडी वाढलेली बोटाला लागली.

काचेची मॅट इथे आमच्या फार पुढे आहे आणि राहील. साक्षीनं विचारलं, मग लोक हे कशाला करतात? गाड्यांच्या दारांची आतली पॅनेलं, डॅशबोर्डच्या मागचे भाग: जिथे पाऊस लागत नाही आणि वजन मोजलं जातं. पूर्व जर्मनीची ट्राबांट गाडी तर १९५७ पासून तीसेक वर्षं कापसाच्या टाकाऊ धाग्याला फिनॉलिक रेझिन लावलेल्या पत्र्यांवर निघत होती, बाहेरून. पण तो माल गरम प्रेसमध्ये घट्ट दाबलेला असे. आमच्याकडे बेअरिंगचा प्रेस आहे.

१० फेब्रुवारी

बाहेरच्या प्रयोगशाळेचा ताणचाचणीचा अहवाल आला, एएसटीएम डी ६३८ प्रमाणे. रेझिन ३४, कच्चा-वाळवलेला ३९, कॉस्टिक-वाळवलेला ४१. पट्ट्यांमधला फरक तीन-चार. बादलीनं जे सांगितलं तेच सुबक छापून आलं. साक्षीनं बादलीवर मार्करनं 'एनएबीएल' (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) लिहिलंय, ते मी पुसायला लावलेलं नाही.

विभागप्रमुखांना ४८ टक्क्यांची दुरुस्ती लेखी दिली. त्यांनी विचारलं, "अहवालात दोन्ही लिहायचं का?" दोन्ही लिहिलंय. आधीचं, नंतरचं, आणि मध्ये गोणी.

२ मार्च, रविवार

वस्तू: आप्पांच्या विहिरीवरच्या मोटार स्टार्टरच्या पेटीचं झाकण. जुनं पत्र्याचं गंजून बिजागरीतून सुटलं होतं. उघड्यावरची जागा, आमच्या मालाची सगळ्यात कमकुवत बाजू तपासणारी, म्हणून मुद्दाम तीच घेतली. वाळवलेला कच्चा धागा, दोन्ही बाजूंना जेलकोट (नुसत्या रेझिनचा बाहेरचा थर), कडा दुमडून बंद. बिजागरीची भोकं पाडून प्रत्येकात काडीनं रेझिन फिरवलं. वजन १,२४० ग्रॅम, आतल्या बाजूला लिहिलं. आप्पांनी बोटानं वाजवून बघितलं. "लाकूड बी नाही, लोखंड बी नाही," म्हणाले आणि लावून घेतलं.

२२ एप्रिल

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, यात नवीन काय? मोईन म्हणाला, "सर, धागा वाळवायचा." ते हसले. मग त्यांनी चार गटांचं पान उघडलं आणि पंधरा मिनिटं त्यावरच बोलले. गुण चांगले मिळाले.

बाहेर ४३ अंश. ओव्हनची आता गरज नाही, गच्ची पुरे.

२९ जून, रविवार

मुलं पास होऊन पांगली. मोईन पुण्याला ट्रेनी, साक्षी डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात जायच्या तयारीत. निखिल अजून घरीच, म्हणून त्याच्याबरोबर विहिरीवर गेले. मृगापासून पाऊस बरा झालाय.

झाकण काढून तोललं: १,२६८ ग्रॅम. २८ ग्रॅम पाणी, सव्वादोन टक्के. कडा शाबूत. बिजागरीची भोकं शाबूत. खालच्या कोपऱ्यात मात्र रुपयाएवढं पांढरट वर्तुळ, हाताला फुगीर, आणि मधोमध एक भोक जे आम्ही पाडलेलं नव्हतं.

"कुलूप लावायला पाडलं," आप्पा म्हणाले. "दोरी किती दिवस बांधायची?"

झाकण घरी आणलंय. गच्चीवर ऊन मिळेल तसं वाळवते आहे. १,२४० च्या जवळ आलं की भोकात रेझिन भरून, त्यात पितळी नळीचा तुकडा बसवून परत देणार. तोवर पेटीवर गोणपाट टाकलंय. आज संध्याकाळी १,२६५.